चित्रपट पुरस्कार, मराठी विजेते आणि आपलं नाशिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये आम्ही काही जण महिन्यातून एकदा एकत्र बसून मराठी चित्रपट पाहतो. नंतर चहावर तासभर गप्पा होतात. पुरस्कारांची घोषणा झाली की त्या गप्पांत दरवर्षी तेच प्रश्न येतात: हा पुरस्कार कोणता, तो कोण देतं, आपल्या माणसाला काय मिळालं, एवढा उशीर का. तोंडी उत्तरं देता देता लक्षात आलं की हे एकदा नीट लिहून ठेवलं पाहिजे. प्रश्न ज्या शब्दांत विचारले गेले, शक्यतो त्याच शब्दांत ठेवले आहेत.

राष्ट्रीय पुरस्कार, राज्य पुरस्कार आणि टीव्हीवर दिसतात ते पुरस्कार, यात फरक काय?

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार केंद्र सरकारचे. माहिती आणि प्रसारण मंत्रालय ते देतं आणि दिल्लीत, बहुतेक वेळा विज्ञान भवनात, राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचं वितरण होतं. त्यात देशातल्या सगळ्या भाषांचे चित्रपट एकमेकांसमोर उभे असतात. राज्य पुरस्कार महाराष्ट्र सरकारच्या सांस्कृतिक कार्य विभागाचे आणि फक्त मराठी चित्रपटांसाठी. उरलेले मासिकांचे, वाहिन्यांचे आणि संस्थांचे: फिल्मफेअरने २०१५ मध्ये मराठीसाठी स्वतंत्र सोहळा घेतला, झी गौरव आहे, आणि ‘महाराष्ट्राचा फेव्हरेट कोण’सारखे प्रेक्षकांच्या मतांवर ठरणारेही आहेत.

प्रेक्षकांच्या मतांना मी कमी लेखत नाही. वर्षभरात घराघरांत कोणतं गाणं वाजलं, कोणता नट लाडका झाला, हे त्यातूनच कळतं. मात्र परीक्षकांसमोर असा चित्रपटही येतो ज्याचं नावसुद्धा आपण ऐकलेलं नसतं. अशा चित्रपटाला उजेडात आणायला सरकारी पुरस्कारच लागतो, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

‘गोदावरी’ थिएटरला लागला २०२२ मध्ये, मग पुरस्कार २०२१चा कसा?

हा प्रश्न नाशिकमध्ये मला जितक्या वेळा विचारला गेला तितका दुसरा कुठलाच नाही.

राष्ट्रीय पुरस्कारासाठी प्रदर्शनाची तारीख पाहत नाहीत. सेन्सॉरचं प्रमाणपत्र कोणत्या वर्षी मिळालं ते पाहतात. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात प्रमाणपत्र मिळालेले चित्रपट त्या वर्षाचे. ‘गोदावरी’ २०२१च्या यादीत होता, थिएटरला आला ११ नोव्हेंबर २०२२ रोजी, आणि २०२१ च्या चित्रपटांचे पुरस्कार, म्हणजे ६९वे, जाहीर झाले २४ ऑगस्ट २०२३ ला. एकाच चित्रपटाशी तीन वर्षं जोडली गेली, म्हणून गोंधळ होतो.

याचं आणखी एक उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. रिंकू राजगुरूला ‘सैराट’साठी राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला, तेव्हा चित्रपट प्रदर्शितच झालेला नव्हता. मार्च २०१६ मध्ये घोषणा झाली आणि चित्रपट लागला २९ एप्रिलला. पुढे काय वादळ उठणार आहे याची कुणाला कल्पना नसताना परीक्षकांनी त्या मुलीला हेरलं होतं.

त्यातच करोनाच्या काळात घोषणा लांबल्या आणि अंतर आणखी वाढलं. म्हणून साल सांगताना ‘कितवे पुरस्कार’ हेही सांगावं, घोटाळा होत नाही.

‘गोदावरी’ला नेमकं काय काय मिळालं?

निखिल महाजन यांना ६९व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक. हा मराठीपुरता पुरस्कार नाही. त्या वर्षीच्या सगळ्या भाषांतल्या कथापटांमधून एकच दिग्दर्शक निवडला जातो. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये गोव्याच्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, म्हणजे इफ्फीत, जितेंद्र जोशी यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा रौप्य मयूर मिळाला आणि निखिल महाजन यांना परीक्षकांचा विशेष पुरस्कार विभागून मिळाला.

लेखनात दिग्दर्शकाबरोबर प्राजक्त देशमुख आहेत, ‘देवबाभळी’ नाटकाचे लेखक, आपल्या नाशिकचे. संवादांतला नाशिकचा कान कुठून आला ते त्यामुळे कळतं. चित्रपट दिग्दर्शक निशिकांत कामत यांच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे आणि नायकाचं नावही निशिकांतच आहे. नदीकाठच्या जुन्या नाशकात घराण्याच्या जागांची भाडी गोळा करत फिरणारा, घरावर आणि नदीवर राग धरून बसलेला हा माणूस जितेंद्र जोशींनी जिवंत केला आहे.

आम्ही दहा-बारा जण मिळून तो पाहायला गेलो होतो. माझ्या शेजारी पंचवटीत जन्म गेलेल्या एक काकू बसल्या होत्या. घाट दिसला की त्या पुटपुटायच्या, ‘हा आपल्याकडचा जिना’, ‘इथं भाजीवाल्या बसतात’. मध्यंतरापर्यंत हे चालू होतं. मध्यंतरानंतर त्या एक शब्द बोलल्या नाहीत, पदराचं टोक तेवढं मुठीत घट्ट धरलेलं होतं. चित्रपट सुटल्यावर म्हणाल्या, ‘चला, गंगेवर जाऊन येऊ.’ नाशिकबाहेरच्यांसाठी सांगतो, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. दुतोंड्या मारुतीपाशी आम्ही बराच वेळ उभे होतो. पुराच्या दिवसांत पाणी कुठवर चढलं हे अख्खं गाव या मूर्तीवरून मोजतं: गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. त्या रात्री पाणी पायाखाली होतं, शांत, आणि त्यात निर्माल्य तरंगत होतं. काकू म्हणाल्या, ‘रोज बघते मी हिला, पण अशी नव्हती बघितली.’ पुरस्कार जाहीर व्हायला त्यानंतर नऊ महिने लागले, पण माझ्या दृष्टीने निकाल त्याच रात्री लागला होता.

निवड कोण करतं? नामांकनं का जाहीर होत नाहीत?

राष्ट्रीय पुरस्कारांत नामांकनांची यादी जाहीर करायची पद्धत नाही. निर्माता प्रवेशिका पाठवतो. आधी पाच प्रादेशिक समित्या चित्रपट पाहतात: उत्तर, पूर्व, पश्चिम आणि दक्षिणेच्या दोन. मराठी चित्रपट पश्चिम समितीकडे जातात. तिथून शिफारस झालेले केंद्रीय समितीपुढे येतात आणि अंतिम निर्णय तिथे होतो. ७१व्या पुरस्कारांसाठी कथापटांच्या केंद्रीय समितीचे अध्यक्ष आशुतोष गोवारीकर होते.

पूर्वी हे सगळं काम चित्रपट महोत्सव संचालनालय पाहायचं. २०२२ मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, म्हणजे एनएफडीसीत, विलीन झालं.

राज्य पुरस्कारांची रीत वेगळी आहे. तिथे प्राथमिक फेरीनंतर नामांकनं जाहीर होतात, तांत्रिक विभाग आणि बालकलाकार यांचे पुरस्कार आधीच सांगून टाकतात, आणि मुख्य विजेते अंतिम फेरीनंतर ठरतात. त्यामुळे ‘अमक्याला राज्य पुरस्काराचं नामांकन’ अशी बातमी येते, राष्ट्रीयच्या बाबतीत तशी आली तर ती खोटी समजावी.

सुवर्णकमळ, रजतकमळ म्हणजे काय? पैसे किती मिळतात?

ही राष्ट्रीय पुरस्कारांची पदकं. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, पदार्पणातला दिग्दर्शक, लोकप्रिय चित्रपट, बालचित्रपट अशा मोजक्या विभागांना सुवर्णकमळ. अभिनय, गायन, तांत्रिक विभाग आणि प्रत्येक भाषेतला सर्वोत्कृष्ट चित्रपट यांना रजतकमळ. ७०व्या पुरस्कारांपासून सुवर्णकमळाबरोबर ३ लाख आणि रजतकमळाबरोबर २ लाख रुपये दिले जातात. चित्रपटाच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे, हे कुणी सांगायला नको. पण वितरकाच्या दारात उभं राहताना पोस्टरवरचं ते कमळ उपयोगी पडतं.

मराठीला देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान किती वेळा मिळाला?

पाच वेळा. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’.

यातला पहिला तर देशातलाच पहिला. १९५३ च्या चित्रपटांसाठी हे पुरस्कार प्रथमच दिले गेले, १९५४ मध्ये, आणि आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. वनमालाबाई आई, माधव वझे श्याम. नाशिककरांनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या पुस्तकावर हा चित्रपट आहे ते साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, फेब्रुवारी १९३३ मध्ये, अवघ्या पाच दिवसांत. दिवसभराची कामं उरकून राहिलेल्या वेळात आणि रात्री जागून. आपल्या मध्यवर्ती कारागृहावरून जाताना मला दर वेळी हे आठवतं. भारतातल्या पहिल्या सुवर्णपदकाची मुळं त्या भिंतींच्या आत आहेत.

त्यानंतर पन्नास वर्षं मराठीला हा मान नाही. २००३ च्या चित्रपटांत संदीप सावंत यांचा ‘श्वास’ आला आणि ती कोंडी फुटली. आजोबा आणि डोळ्यांचा आजार झालेला नातू, एवढीच गोष्ट. नाशिकमध्ये तेव्हा शाळांनी मुलांना तो दाखवायला नेलं होतं आणि परतताना बसमध्ये मुलं गप्प होती, असं एका बाईंनी सांगितलेलं आठवतं. २०११ साठी उमेश कुलकर्णी यांचा ‘देऊळ’, ‘ब्यारी’ या चित्रपटाबरोबर विभागून. २०१४ साठी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’. २०१६ साठी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’.

म्हणजे पन्नास वर्षांत एक आणि पुढच्या चौदा वर्षांत चार.

अलीकडे ‘सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट’ कोणते ठरले?

मागून पुढे येतो. ६४व्या पुरस्कारांत ‘दशक्रिया’, ६५व्यात ‘कच्चा लिंबू’, ६६व्यात ‘भोंगा’, ६७व्यात ‘बार्डो’, ६८व्यात ‘गोष्ट एका पैठणीची’, ६९व्यात सलील कुलकर्णी यांचा ‘एकदा काय झालं’, ७०व्यात परेश मोकाशी यांचा ‘वाळवी’ आणि ७१व्यात सुजय डहाके यांचा ‘श्यामची आई’. होय, पुन्हा ‘श्यामची आई’. सत्तर वर्षांनी, आणि या वेळीही कृष्णधवल. तुरुंगातलं ते पाच दिवसांचं लेखन दुसऱ्यांदा दिल्लीला जाऊन आलं.

‘गोष्ट एका पैठणीची’चं नाव ऐकून येवल्याच्या मंडळींना साहजिकच आपलेपणा वाटला. पैठणीच्या मागावर ज्यांचं घर चालतं, त्यांच्या जिल्ह्यात हा चित्रपट यापेक्षा जास्त दिवस चालायला हवा होता.

आणि अभिनयात?

उपेंद्र लिमये ‘जोगवा’साठी, गिरीश कुलकर्णी ‘देऊळ’साठी (त्याच चित्रपटाच्या संवादांसाठीही त्यांना पुरस्कार मिळाला), विक्रम गोखले ‘अनुमती’साठी, इरफान खान यांच्याबरोबर विभागून. उषा जाधव ‘धग’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्री. अमृता सुभाष ‘अस्तु’साठी सहायक अभिनेत्री.

बालकलाकारांत मराठीची कमाई मोठी आहे. ‘फँड्री’चा सोमनाथ अवघडे सगळ्यांना आठवतो. ७१व्या पुरस्कारांत ‘नाळ २’ सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरला आणि त्यातल्या त्रिशा ठोसर, श्रीनिवास पोकळे, भार्गव जगताप या तिघांना बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला. ‘जिप्सी’साठी कबीर खंदारेलाही. २३ सप्टेंबर २०२५ ला विज्ञान भवनात साडी नेसलेली चिमुकली त्रिशा राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्याकडून पदक घ्यायला गेली. त्याच मंचावर शाहरुख खानचाही सत्कार झाला, पण आमच्या घरी ती चित्रफीत पुन्हा पुन्हा लावली गेली ती त्रिशासाठी. माझी आई दर वेळी हात जोडून पाहायची.

आमच्या ओळखीच्या एकांना ‘दादासाहेब फाळके पुरस्कार’ मिळाला. चौकात फ्लेक्सही लागलाय. तो हाच का?

बहुधा नाही. हे जरा विस्ताराने सांगतो, कारण फाळके आपल्या जिल्ह्यातले आणि त्यांच्या नावाची चाड आपल्याला असली पाहिजे.

भारत सरकारचा दादासाहेब फाळके पुरस्कार १९६९ पासून दिला जातो. चित्रपटसृष्टीतल्या आयुष्यभराच्या कामगिरीसाठी वर्षाला तो साधारणपणे एकाच व्यक्तीला मिळतो. पहिला देविका राणी यांना. मराठी नावं सांगायची तर दुर्गा खोटे, व्ही. शांताराम, लता मंगेशकर, भालजी पेंढारकर, आशा भोसले. २०२३ साठीचा मोहनलाल यांना, जो सप्टेंबर २०२५ च्या सोहळ्यात दिला गेला. घोषणा केंद्र सरकार करतं आणि राष्ट्रपती तो देतात.

याशिवाय फाळक्यांचं नाव घेऊन पुरस्कार देणाऱ्या खासगी संस्था देशभर आहेत. त्यांचे सोहळे हॉटेलांत होतात, एका संध्याकाळी अनेकांना ट्रॉफ्या मिळतात. त्यातले काही सन्मान खऱ्या कामासाठीही असतील. पण नाव सारखं असल्यामुळे लोकांची फसगत होते. ओळखायची सोपी खूण: वर्षभरात हा पुरस्कार मिळालेले दहा-वीस लोक सापडले, तर तो भारत सरकारचा नाही. आमच्या भागात एकदा असा फ्लेक्स लागला तेव्हा शाळेतल्या मुलांनी त्या गृहस्थांची मुलाखत घेऊन भित्तिपत्रकावर ‘भारतातील सर्वोच्च चित्रपट सन्मान’ असं लिहिलं होतं. मुलांची काय चूक? मोठ्यांनी फ्लेक्सवर तसं भासवलं होतं. मी शाळेत जाऊन शिक्षकांना समजावलं आणि मुलांनी दुसऱ्या दिवशी ती ओळ स्वतःच्या हाताने दुरुस्त केली.

आणखी एक गल्लत होते. राज्य पुरस्कारांतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटालाही दादासाहेब फाळके यांचंच नाव आहे. तो पुरस्कार अस्सल सरकारी आहे, पण राज्याचा आणि चित्रपटासाठीचा.

फाळके नाशिकचे म्हणतात, म्हणजे नक्की काय?

जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७०. मृत्यू नाशिकमध्ये, १६ फेब्रुवारी १९४४. मधलं आयुष्य मुंबई, बडोदा आणि इतरत्र गेलं. ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत दादरला तयार झाला आणि ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागला. तारामतीचं काम करायला बाई मिळेना, म्हणून खानावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना उभं केलं. पडद्यामागे सरस्वतीबाई फाळके फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत सगळं करत होत्या. पुरस्कारांच्या यादीत त्यांचं नाव कुठेही नाही, आणि मला ते फार लागतं.

त्याच वर्षी फाळके बाडबिस्तरा घेऊन नाशिकला आले. पुढचं काम इथे झालं. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये पहिल्यांदा स्त्रियांनी स्त्रियांच्या भूमिका केल्या: दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई. या कमलाबाई गोखले म्हणजे चंद्रकांत गोखले यांच्या आई, विक्रम गोखले यांच्या आजी. आता ‘गोदावरी’ पुन्हा आठवा. त्यातले आजोबा विक्रम गोखले आहेत. पणजी आणि आजी ज्या गावात फाळक्यांच्या कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या, त्याच गावाच्या नदीवरचा चित्रपट नातवाने केला. तो प्रदर्शित झाल्यावर पंधरा दिवसांनी, २६ नोव्हेंबर २०२२ ला, विक्रम गोखले गेले.

१९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. ‘कालिया मर्दन’ १९१९ चा. त्यात बाळकृष्णाचं काम फाळक्यांची मुलगी मंदाकिनी हिने केलं. भागीदारांशी पटेना म्हणून फाळके सगळं सोडून काशीला गेले, तिथे ‘रंगभूमी’ नाटक लिहिलं, आणि १९२२ मध्ये परत नाशिकला आले. बोलपटांच्या काळात कोल्हापूर सिनेटोनसाठी ‘गंगावतरण’ केला, १९३७ मध्ये. तो त्यांचा एकमेव बोलपट. शेवटची वर्षं नाशिकमध्ये गेली, हलाखीत. देशाने त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला तो त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी.

राज्य पुरस्कारांना ती एवढी नावं कोणाची?

मला ही पद्धत मनापासून आवडते. प्रत्येक विभागामागे त्या कामातलं मोठं माणूस उभं केलं आहे. पहिल्या तीन चित्रपटांना अनुक्रमे दादासाहेब फाळके, बाबूराव पेंटर आणि मास्टर विनायक यांची नावं. छायालेखनाला पांडुरंग नाईक, कलादिग्दर्शनाला साहेबमामा ऊर्फ फत्तेलाल, संवादांना आचार्य अत्रे, गीतांना ग. दि. माडगूळकर, अभिनेत्रीला स्मिता पाटील, पदार्पणातल्या अभिनेत्रीला रंजना. सूत्रसंचालकाने ही नावं घाईने न म्हणता एकेक ओळ सांगितली, तर तरुण मुलांना अर्धा इतिहास तिथेच कळेल.

चित्रपती व्ही. शांताराम यांच्या नावाचा जीवनगौरव १० लाखांचा आणि विशेष योगदान पुरस्कार ६ लाखांचा आहे. ५ ऑगस्ट २०२५ ला मुंबईत वरळीला ६०वे आणि ६१वे पुरस्कार एकत्र दिले गेले, तेव्हा जीवनगौरव महेश मांजरेकर यांना, विशेष योगदान मुक्ता बर्वे यांना आणि लता मंगेशकर पुरस्कार गझलगायक भीमराव पांचाळे यांना मिळाला.

दोन-दोन वर्षांचे पुरस्कार एकत्र उरकले जातात, याचं मात्र वाईट वाटतं. नव्या कलाकाराला पाठीवर थाप वेळेवर मिळायला हवी.

नाशिकमध्ये स्वतःचा असा काही सन्मान आहे का?

आहे, आणि मानाचा आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘गोदावरी गौरव’. साहित्यासाठी जनस्थान पुरस्कार एका वर्षी, तर गोदावरी गौरव त्याच्या पुढच्या वर्षी, असा क्रम असतो. गोदावरी गौरव वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या कामासाठी दिला जातो आणि त्यात चित्रपट-नाट्य हे एक क्षेत्र आहे. कुसुमाग्रजांच्या स्मृतिदिनी, १० मार्चला तो दिला जातो. यात प्रवेशिका नाही, नामांकन नाही. देणाऱ्याने कृतज्ञता म्हणून द्यायचं, ही तात्यासाहेबांची, म्हणजे कुसुमाग्रजांचीच कल्पना. एकदा तरी त्या कार्यक्रमाला जाऊन बसा. झगमगाट नसतो, माणसं वेळेच्या आधी येतात, आणि सत्कारमूर्ती काय बोलतात ते लोक खरोखर ऐकतात.

मराठी चित्रपट ऑस्करला गेलेत का?

भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून तीन: ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’. नामांकन मिळालं नाही. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ म्हणजे फाळक्यांच्याच पहिल्या चित्रपटाची गोष्ट.

पुरस्कार मिळालेला चित्रपट थिएटरात का दिसत नाही?

या प्रश्नाने माझं पोट तुटतं. अडचण अशी असते: पुरस्कार जाहीर होतो तेव्हा चित्रपट येऊन गेलेला असतो किंवा यायचाच असतो. येतो तेव्हा त्याला सकाळी पावणेदहाचा किंवा भर दुपारचा खेळ मिळतो. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटांना दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत जागा देण्याचं ठरवलं, त्याने फरक पडला, पण पुरता नाही.

शहरातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये आम्ही सात जण तिकीट काढून गेलो. दारावर सांगितलं, प्रेक्षक कमी आहेत, खेळ रद्द, पैसे परत मिळतील. आमच्यातले दोघं सिन्नरहून एसटीने आले होते. पैसे परत मिळाले, पण त्यांचा दिवस गेला. तेव्हापासून आम्ही एक करतो: शुक्रवारच्या आत पंधरा-वीस जणांची नावं जमवतो आणि एकदमच तिकिटं काढतो. तेवढी संख्या असली की खेळ रद्द होत नाही. तुमच्या सोसायटीत, भिशीत, महिला मंडळात हे सहज जमेल. पहिल्या तीन दिवसांत जा. सोमवारी वेळापत्रक बदललेलं असतं.

माझ्या मुलीने लघुपट केलाय. तो राष्ट्रीय पुरस्कारासाठी पाठवता येतो का?

येतो. कथाबाह्य चित्रपटांचा स्वतंत्र विभाग आहे. पण तिथेही सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं आणि वर्षाचा नियम तोच. नागराज मंजुळे यांना पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो ‘पिस्तुल्या’ या लघुपटासाठी, ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ त्यानंतर. मुलीला सांगा, प्रमाणपत्राचं काम डिसेंबरवर ढकलू नकोस. आणि आवाजावर खर्च कर. आमच्याकडे पाहायला येणाऱ्या दहातल्या आठ लघुपटांत चित्र सुंदर असतं आणि संवाद ऐकूच येत नाहीत.

इतकी नावं झाली, पाहायला कुठून सुरुवात करू?

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ घरच्या सगळ्यांनी मिळून पाहा, आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना चालतो. मग दोन्ही ‘श्यामची आई’ लागोपाठच्या रविवारी, आधी अत्र्यांचा. ‘कोर्ट’ला घाई करू नका, त्याची चाल संथ आहे आणि तीच त्याची ताकद आहे. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून बसा.

‘गोदावरी’ पावसाळ्यात पाहा. आणि ३० एप्रिलला सकाळी ऊन चढायच्या आत पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकात या. आम्ही असतोच तिथे, थर्मासमध्ये चहा असतो.